काडी मोडायला दोन हात लागतात : वेदगंगेकाठी बायकोचा कायदा

आपल्या मंडळात सीमाप्रश्न निघाला की चर्चा महाजन अहवालापासून सुरू होते आणि चहा संपेपर्यंत १ नोव्हेंबर १९५६ ला जाऊन पोचते. त्या चर्चेत मीही आवाज चढवून बोललेलो आहे. पण आजचं टिपण एका दुसऱ्याच सीमेबद्दल आहे. ती नकाशावरून १९४९ मध्ये पुसली गेली, म्हणून आपण तिची फारशी आठवण काढत नाही. ती सीमा म्हणजे कोल्हापूर संस्थान आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामधली. आणि मला विचारायचंय ते एवढंच : नवऱ्याच्या घरात जीव घुसमटणाऱ्या बाईला या सीमेच्या कुठल्या बाजूने बाहेर पडता येत होतं?

मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. नोकरी रस्ते बांधण्याची केली. सर्वेक्षणाला गेलो की जुन्या हद्दीच्या खुणा दिसायच्या, म्हाताऱ्या माणसांना विचारलं की ती सांगायची, "ह्यो वढा संस्थानाचा, त्यो माळ साहेबाचा." तिथून हे वेड लागलं. त्यामुळे मांडणीत काही कच्चं राहिलं असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या गल्लीतली आजी

सुरुवात एका आठवणीने करतो. निपाणीत आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एक आजी एकटी राहायची. नाव लिहीत नाही. मी शाळेत असताना ती सत्तरीची असेल. उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत काढलेली, त्यामुळे खोकला कायमचा. गळ्यात काळी पोत होती, पण नवरा कधी कोणी पाहिला नव्हता. तिचं माहेर वेदगंगेच्या वरच्या अंगाला, गारगोटी बाजूला, म्हणजे कोल्हापूर संस्थानात. सासर त्याच नदीच्या खालच्या अंगाला, चिकोडी तालुक्यातल्या खेड्यात, म्हणजे ब्रिटिश हद्दीत. बारा-तेरा वर्षांची असताना दिली. दहा वर्षं मार खाल्ला आणि एक दिवस चालत निपाणीला आली.

कॉलेजात असताना मी एकदा अगोचरपणे विचारलं, "आजी, काडीमोड का नाही घेतली?" ती हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "काडी मोडाय दोन हात लागत्यात, लेकरा. एक माझा हुता."

तेव्हा मला वाटलं, म्हातारी कोड्यात बोलते. तीसेक वर्षांनी जुने कायदे वाचायला घेतले तेव्हा कळलं, की तिने मुंबई इलाख्यातल्या हिंदू बायकोच्या कायद्याचा अख्खा सारांश एका वाक्यात सांगितला होता.

काडीमोड म्हणजे काय

आपल्याकडे एक समज पक्का आहे, की हिंदूंमध्ये घटस्फोट नव्हताच, तो १९५५ च्या कायद्याने आला. हे ब्राह्मण आणि तत्सम जातींपुरतं खरं आहे. शेती करणाऱ्या, कारागिरी करणाऱ्या कितीतरी जातींत नवरा-बायकोला वेगळं होण्याची रीत होती. पंचांसमोर वाळकी काडी मोडून टाकायची, ती काडीमोड. कागद झाला तर सोडचिठ्ठी किंवा फारकत. त्यानंतर बाईला दुसरं लग्न करता येई, त्याला पाट किंवा म्होतूर म्हणत, कन्नड बाजूला उडिकी. पहिल्या लग्नाचा मान त्याला नसे, रात्री उरकत, पण ते लग्नच होतं. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दख्खनच्या जातींच्या रूढी गोळा करायला घेतल्या. आर्थर स्टील याचं त्या विषयावरचं पुस्तक १८२७ मध्ये निघालं. म्हणजे साहेबाला या रूढी पहिल्यापासून माहीत होत्या.

या रीतीला फार गोड रंग देऊ नये. पंच सगळे पुरुष. दंड बाईच्या माहेराकडून. मुलं बापाची. तरीही एक दार होतं, अरुंद का होईना. जातीच्या पंचांना पटलं तर नवऱ्याच्या मर्जीविरुद्धसुद्धा बाई मोकळी होऊ शकत होती, निदान काही ठिकाणी.

साहेबाने दार लावून घेतलं

निपाणीच्या देसायांचा मुलूख १८३९ मध्ये सिद्धोजीराव निंबाळकरांच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी खालसा केला. तेव्हापासून निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. मुंबई हायकोर्ट जे ठरवील ते निपाणीच्या बाईला लागू.

आणि हायकोर्टाने काय ठरवलं? १८७६ चा शंभू रघू खटला पाहा. जातीने परवानगी दिली म्हणून, पहिला नवरा हयात असताना, बाईचं दुसरं लग्न लावलेलं. कोर्टाने सांगितलं की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही. जातीची परवानगी पुरेशी आहे असं प्रामाणिकपणे वाटलं होतं, हा बचावसुद्धा चालणार नाही. कलम लागलं भारतीय दंडविधानाचं ४९४, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा, हे कलम हिंदू पुरुषाला लागू पडायचं नाही, कारण त्याला कितीही बायका करायची मुभा होती. एकच कलम, पण एकाच बाजूने कापणारं.

पुढे १९१५ मध्ये गुजरातेतल्या एका जातीची रूढी कोर्टापुढे आली. जातीने ठरवलेली रक्कम भरली की दुसऱ्याची संमती नसली तरी लग्न मोडता येईल, अशी ती रूढी. केशव हरगोवन विरुद्ध बाई गांडी या निकालात हायकोर्टाने ती नीतीविरुद्ध आणि लोकहिताविरुद्ध ठरवली. दोघांच्या संमतीची सोडचिठ्ठी जातीत चालते असं सिद्ध केलं तर कोर्टं ती मान्य करत. पण नवरा 'नाही' म्हणाला की संपलं. आजीचे दोन हात ते हेच.

मी इंजिनिअर माणूस, मला हे असं दिसतं : जुन्या इमारतीला मागच्या बाजूला एक मोडका जिना होता. नव्या मालकाने तो धोकादायक म्हणून पाडला. नवा जिना बांधला नाही. आणि वर राहणाऱ्यांना सांगितलं, आता इमारत सुधारली.

रखमाबाईंचा खटला आपल्या बाजूने वाचताना

ही कोंडी सगळ्यात ठळक दिसते ती रखमाबाईंच्या खटल्यात. खटला मुंबईचा, पण कायदा बेळगावचाही तोच, म्हणून इथे थोडक्यात.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. बाई सज्ञान झाल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिला सक्तीने पाठवणं त्यांना पटलं नाही. अपिलात १८८६ मध्ये हा निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल.

टिळकांचा 'केसरी' त्यांच्या विरोधात, बेहरामजी मलबारी बाजूने, विलायतेतल्या वर्तमानपत्रांतही चर्चा. शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडली. रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवले. १९५५ मध्ये वारल्या.

हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मला बोट ठेवायचंय ते दोन बारीक गोष्टींवर. पहिली, रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या समाजात पाट होता, त्यांच्या आईचंच दुसरं लग्न झालेलं. म्हणजे ज्या घरात विधवेला दुसरा संसार मिळू शकला, त्याच घरातल्या मुलीला नको असलेला पहिला संसार नाकारता येत नव्हता. दुसरी, दोन हजार रुपयांनी कैद टळली, लग्न मोडलं नाही. दादाजींनी दुसरी बायको केली, तरी रखमाबाई कायद्याने त्यांच्याच राहिल्या. दादाजी १९०४ मध्ये वारल्यावर त्यांनी पांढरं नेसायला घेतलं असं त्यांच्या चरित्रात येतं. एवढी शिकलेली, इंग्लंडहून डॉक्टर होऊन आलेली बाई, आणि तिला तडजोड मिळाली, सुटका नाही. मग वखारीतल्या बाईचं काय!

नांदायला न गेल्यास कैद, ही तरतूद दिवाणी कायद्यातून निघाली ती १९२३ मध्ये. म्हणजे तोपर्यंत बेळगावच्या कोर्टातही असा हुकूम होणं कायद्याला धरूनच होतं.

नदीच्या वरच्या अंगाला

आता वेदगंगेने वर जाऊ या. कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज. जन्माने कागलच्या घाटग्यांच्या घरातले, दत्तक गेलेले, त्यामुळे या खेड्यापाड्यांतली बाईमाणसं त्यांना माहीत होती. त्यांचं आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं शिक्षण यावर आपण भरपूर बोलतो. बायकांसाठी केलेल्या कायद्यांवर त्या मानाने कमी. १९१७ मध्ये विधवाविवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला. आणि १९१९ मध्ये दोन कायदे झाले, ते आपल्या विषयाच्या गाभ्यातले : एक काडीमोडीचा, दुसरा स्त्रियांना क्रूरपणाने वागवण्याला बंदी करणारा.

पहिल्याने काय केलं? खेड्यातल्या बाईच्या तोंडातला 'काडीमोड' हा शब्द दरबारच्या कायद्यात आणला. साहेबाच्या कोर्टाने जी गोष्ट 'रूढी आहे का ते आधी सिद्ध करा' म्हणून दाराबाहेर उभी केली होती, ती संस्थानाने आपल्या कायद्यात घेतली. दुसऱ्या कायद्याने त्याहून मोठी गोष्ट केली. घरात बाईचा छळ होतो तो घरचा मामला नव्हे, तो शिक्षेला पात्र गुन्हा आहे, असं म्हटलं. भारतीय दंडविधानात नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरपणाचं ४९८ अ हे कलम आलं १९८३ मध्ये. मधलं अंतर ६४ वर्षांचं.

संस्थानिकांत शाहू एकटे नव्हते. बडोद्याला सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. पण बडोदं आपल्यापासून लांब. कोल्हापूर म्हणजे निपाणीहून चाळीस किलोमीटर.

आता नकाशा डोळ्यापुढे आणा. ही सीमा सरळ रेघ नव्हती, गोधडी होती. आज बेळगाव जिल्ह्यात असलेलं रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात. निपाणी ब्रिटिशांकडे. खुद्द बेळगाव शहराला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानाचं. लेकी मात्र हद्द बघून दिल्या जात नव्हत्या. सोयरीक जमली, वऱ्हाड निघालं. हद्द ओलांडताना बैलालाही काही कळलं नाही, नवरीला तर नाहीच. पण १९१९ नंतर त्या हद्दीवर तिचा कायदा बदलत होता. माहेरच्या गावी छळ हा गुन्हा, सासरच्या गावी नशीब. आणि ब्रिटिश कोर्टाच्या लेखी कोल्हापूर म्हणजे परक्या राज्याची कचेरी.

आमच्या आजीचं लग्न साधारण १९२४-२५ चं असावं. वरच्या अंगाला दिली असती तर? हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. एक मात्र कबूल केलं पाहिजे, कायदा झाला म्हणून बाई उठून कोर्टात जाते असं नाही. कोर्ट तालुक्याला, भाकरी नवऱ्याच्या घरात, आणि माहेरचा बाप म्हणणार, "दिल्या घरी सुखी राहा." पण 'तुझ्यावर होतोय तो अन्याय आहे' एवढं सरकारने छापील शब्दांत म्हणणं, यालाही वजन असतं.

ब्रिटिश बाजूला जिना उशिरा बांधला

खालच्या अंगाला हालचाल झाली ती स्वातंत्र्याच्या तोंडावर. १९४६ मध्ये केंद्रीय कायदा झाला : नवरा क्रूरपणे वागत असेल, त्याने टाकून दिलं असेल, दुसरी बायको केली असेल, तर बायकोला वेगळं राहून पोटगी मागता येईल. लग्न मात्र तसंच. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हिंदू पुरुषांच्या द्विभार्येला बंदी केली. या कायद्याला आव्हान मिळालं आणि १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी तो वैध ठरवला. आणि १९४७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा आला. चार वर्षं टाकून दिलेलं असेल तर घटस्फोट मागता येईल, ही तरतूद त्यात होती. निपाणीच्या बाईला कोर्टात जाऊन एका हाताने काडी मोडता येईल, ही सोय तेव्हा पहिल्यांदा झाली. कोल्हापूरच्या कायद्यानंतर २८ वर्षांनी.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा सगळीकडे लागू झाला. रूढीने होणारी काडीमोड त्या कायद्यानेही २९ व्या कलमात शाबूत ठेवली. आणि मग १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला.

म्हणजे बघा, ज्या सीमेवर आपण आजवर एवढं रक्त आटवलं ती पडली, तेव्हा बायकोच्या सुटकेपुरता दोन्ही बाजूंना कायदा एकच होता. कागलच्या बाईला जो, तोच निपाणीच्या बाईला. माझ्या भाषेच्या हक्काची मागणी यामुळे कमी होत नाही, मी ती सोडलेलीही नाही. पण 'सीमेने आमचं आयुष्य बदललं' असं आपण म्हणतो, तेव्हा कुणाचं आणि कुठल्या सीमेने, हे विचारायला पाहिजे. आजीचं आयुष्य ज्या सीमेने ठरलं तिच्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही.

तिसरी वाट : वखार

मग आजीने काय केलं? कायदा नव्हता, पंच नव्हते, माहेर दार उघडत नव्हतं. तिने वखार गाठली.

निपाणीची तंबाखू आपण व्यापाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बाजूने सांगतो. पण वखारीत तंबाखू कुटणारी, चाळणारी, पाखडणारी माणसं म्हणजे बहुतेक बाया. धूळ अशी की पदर नाकाला बांधूनही घशात जायची. मजुरी तुटपुंजी, मुकादमाची जीभ घाण. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच बाया संघटित झाल्या आणि संपावर गेल्या. 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, दिग्दर्शन दीपा धनराज यांचं. आपल्या गावच्या इतिहासाचं एवढं जिवंत साधन दुसरं क्वचितच असेल. सभासदांनी ते जरूर पाहावं.

वखारीला मुक्तिधाम म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. आजीची छाती त्या धुळीनेच गेली. पण आठवड्याच्या बाजाराला तिच्या हातात तिचे पैसे होते. खोलीचं भाडं ती देत होती. दार आतून लावायची कडी तिची होती. रखमाबाईंना दोन हजार रुपये आणि विलायतेचं जहाज मिळालं, आजीला चाळण मिळाली. दोघींना हवं होतं ते फार वेगळं नव्हतं : कोणाच्या घरी राहायचं हे आपलं आपण ठरवायचं.

तिच्या पत्र्याच्या पेटीत एक रेशनकार्ड होतं. मी बारावीला असताना तिने ते वाचायला दिलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव होतं, माणसं : एक. पण त्या नावात मधे नवऱ्याचं नाव होतंच. मी म्हटलं, "आजी, हे काढून घेऊ या का, अर्ज करू?" तिने कार्ड परत घेतलं, घडी घातली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याला कुठं म्हाईत हाय."

एक विनंती

अशा गोष्टी दफ्तरखान्यात सापडतात त्याहून जास्त घरांत सापडतात. जुन्या ट्रंकांत, सातबाऱ्याच्या पुडक्यात, देव्हाऱ्याखालच्या फडक्यात सोडचिठ्ठीचे, फारकतीचे स्टँपपेपर असतात. घरची अब्रू म्हणून ते कोणी दाखवत नाही, आणि घर पाडताना जाळून टाकतात. मंडळाच्या सभासदांना विनंती, की असा कागद हाती आला तर जाळू नका. नावं झाकून, फक्त गाव, साल, कुठल्या हद्दीतलं आणि कागदावर अंगठे किती, एवढं टिपून कळवा.

अंगठे मोजायला विसरू नका. एक आहे की दोन, सगळा इतिहास तिथेच आहे.